ऑस्टिनच्या मुक्कामात बार्बेक्यू खायचं तर: रांग, वजन आणि नेमका कुठला तुकडा

दूरदेशी

कामासाठी आठवडाभर टेक्सासमधल्या ऑस्टिनला येणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न असतो: इथलं नावाजलेलं बार्बेक्यू एकदा खायचंय, पण जायचं कुठे आणि मागवायचं कसं? उत्तरं इथल्या चर्चेच्या वेगवेगळ्या धाग्यांत विखुरली आहेत. इथे एकत्र करू. सुरुवात मी करतो, जाणकारांनी भर घालावी आणि चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

आधी पद्धत. मध्य टेक्सासचं बार्बेक्यू म्हणजे निखाऱ्यांवर जाळी ठेवून भाजलेलं मांस नव्हे. आग एका टोकाला, मांस दुसऱ्या टोकाला, मधून वाहते ती गरम हवा आणि धूर. लाकूड बहुतेक ठिकाणी पोस्ट ओक, म्हणजे ओकचीच एक जात. मसाला म्हणाल तर मीठ आणि जाडी भरडलेली काळी मिरी, बस. एकोणिसाव्या शतकात इथे जर्मन आणि चेक लोक येऊन वसले. त्यांच्यातल्या खाटकांनी मांसाची दुकानं काढली आणि न विकलेले तुकडे धुरावर शिजवून विकायला सुरुवात केली. कापूस वेचायला आलेले मजूर ते तिथेच, कागदावर घेऊन खायचे. म्हणून आजही ताट नसतं, बुचर पेपर अंथरलेला ट्रे मिळतो; मांस वजनावर मिळतं; आणि जुन्या दुकानांच्या नावात 'मार्केट' असतं.

ठिकाणं थोडक्यात:

शहरातच राहायचं असेल तर फ्रँकलिन बार्बेक्यू. २००९ मध्ये ट्रेलरवर सुरू झालं, २०११ मध्ये सध्याच्या जागेत आलं. २०१५ मध्ये ॲरन फ्रँकलिन यांना जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्राचा मानाचा पुरस्कार मिळाला आणि रांग आणखी वाढली. सोमवारी बंद. बाकी दिवशी ११ वाजता दार उघडतं आणि माल संपला की मिटतं.

हाताशी अर्धा दिवस आणि गाडी असेल तर लॉकहार्ट, दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटर. टेक्सासच्या प्रतिनिधीगृहाने १९९९ मध्ये या गावाला राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवलं. क्रॉइट्स मार्केट १९०० पासून, ब्लॅक्स १९३२ पासून, आणि स्मिटीज हे क्रॉइट्सच्याच मूळ इमारतीत, तिन्ही एकमेकांपासून जवळ.

ईशान्येला टेलर गावात लुई म्युलर, १९४९ पासून. बीफ रिबसाठी, म्हणजे हाडासकट फासळीच्या मांसासाठी, तिथे जावं.

शनिवार मोकळा असेल तर लेक्सिंग्टन गावचं स्नोज. आठवड्यातून फक्त शनिवारी, सकाळी ८ पासून. 'टेक्सास मंथली' मासिकाने २००८ आणि २०१७ मध्ये पहिला क्रमांक दिलेली जागा.

आता वेळ, वजन आणि तुकडे यांबद्दल लिहा. नेहमीची चूक तिथेच होते.

निखारा

धागा काढल्याबद्दल आभार. वेळेबद्दल लिहितो, कारण माझ्या मते दुकान कुठलं यापेक्षा तुम्ही किती वाजता पोचता याने जास्त फरक पडतो.

ब्रिस्केटचा, म्हणजे जनावराच्या छातीच्या मांसाचा, कच्चा आख्खा तुकडा ५.५ ते ७ किलोचा असतो. १२० ते १३५ अंश सेल्सिअसला त्याला १० ते १४ तास लागतात. मधे एक टप्पा असा येतो की मांसाच्या आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तासन् तास अडकून बसतं. आग नीट असते, लाकूड नीट असतं, तापमापकाचा काटा मात्र हलत नाही. कारण सरळ आहे: पृष्ठभागावर येणारं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, घामाने अंग थंड होतं तसंच. बाहेरचं काळं कवच, म्हणजे बार्क, पक्कं झालं की तुकडा बुचर पेपरात गुंडाळतात. बाष्पीभवन कमी होतं आणि काटा पुन्हा चढू लागतो. ९५ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत कोलॅजनचं, म्हणजे मांसातल्या चिवट प्रथिनाचं, जिलेटिन झालेलं असतं. तेच ते लुसलुशीतपण.

इथून पुढचा भाग गिऱ्हाइकाच्या कामाचा. पिटवरून (मांस शिजवायच्या धुराच्या भट्टीवरून) काढलेला तुकडा लगेच कापत नाहीत. आतलं तापमान ६० ते ६५ अंशांवर येईपर्यंत तो विसावतो. चांगली दुकानं तो रात्रभर याच तापमानाच्या गरम कपाटात ठेवतात आणि दार उघडल्यावर कापायला घेतात. दुकान उघडल्यापासून पहिले दोन तास तुम्हाला हा नीट विसावलेला माल मिळतो. दुपारी २ नंतर दोन शक्यता: एक तर पाटी लागलेली असते की ब्रिस्केट संपलं, किंवा उरलेला माल जास्त वेळ गरम राहून बार्क मऊ पडलेलं असतं. रात्री ८ वाजता उघड्या असलेल्या दुकानाने दुपारसाठी वेगळी खेप लावली आहे का, ते फोनवर विचारून घ्यावं. लावत असतील तर संध्याकाळी ५ ते ६ ही उत्तम वेळ असते.

फ्रँकलिनला शनिवारी जाऊ नये. मंगळवार ते गुरुवार, शाळांना सुट्टी नसताना, सकाळी साडेआठ-नऊच्या आत रांगेत येऊन उभं राहिलात तर मिळण्याची शक्यता चांगली. तिथले कर्मचारी उघडण्याआधी रांगेतून फिरतात, कोण साधारण काय घेणार ते विचारतात आणि माल कुठपर्यंत पुरेल याचा अंदाज देतात. तो अंदाज गांभीर्याने घ्या. तुमच्या नंबरापर्यंत बीफ रिब उरणार नाही म्हणाले तर खरंच उरत नाही.

सांजवेळ

उन्हाळ्यातल्या रांगेबद्दल एक जोड. जून ते सप्टेंबर इथे पारा सहज ३८ अंशांपर्यंत जातो. पाणी, टोपी आणि घडीची खुर्ची बरोबर न्यावी; खुर्ची नेण्यात कोणाला काही वाटत नाही, सगळेच नेतात. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर रांगेचा नाद सोडून आधी ऑर्डर नोंदवण्याची सोय बघावी. बऱ्याच दुकानांत ती असते, पण किमान वजनाची अट असते आणि काही दिवस आधी नोंदवावं लागतं.

मीठमिरी

आता काउंटर. पहिल्यांदा जाणारा गडबडतो तो इथे, कारण पुढे सुरी घेतलेला माणूस उभा असतो, मागे शंभर लोक असतात आणि फळ्यावर फक्त पौंडाचे भाव असतात.

एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. मागणी पाव, अर्ध्या किंवा एक पौंडाच्या भाषेत करायची. माणशी एकूण मांस पाव किलोच्या आत धरा, म्हणजे साधारण अर्धा पौंड पुरतं. हे कमी वाटेल, पण चरबी आणि जिलेटिनमुळे पोट लवकर भरतं. दोघांसाठी हे प्रमाण बरोबर बसतं: अर्धा पौंड ब्रिस्केट, पाव पौंड टर्की, पोर्क रिबची दोन हाडं, सॉसेजची एक लिंक (एक नळी), एक छोटी साइड (सोबतचा पदार्थ). नावाजलेल्या ठिकाणी ब्रिस्केटचा भाव पौंडाला ३० डॉलरच्या पुढे गेलेला आहे, तेव्हा दोघांचे ५० ते ६० डॉलर धरून चाला. ऑस्टिनमध्ये वर ८.२५ टक्के सेल्स टॅक्स लागतो.

भाव जास्त का, तर हिशेब बघा. सहा किलोच्या कच्च्या तुकड्यातली एक-दीड किलो चरबी आधीच कापून टाकतात. शिजताना पाणी आणि चरबी निघून जाते. हातात येतं ते मूळ वजनाच्या निम्म्याहून कमी. शिवाय रात्रभर आगीजवळ जागणारं माणूस लागतं.

ब्रिस्केट मागितलं की समोरून प्रश्न येतो, 'लीन की मॉइस्ट?' काही ठिकाणी मॉइस्टला फॅटी म्हणतात. ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचे दोन स्नायू, एकावर एक, मधे चरबीचा थर. खालचा सपाट तो फ्लॅट, तोच लीन. वरचा फुगीर, चरबीच्या जाळीचा तो पॉइंट, तोच मॉइस्ट. पहिल्यांदा जाताय तर दोन्ही घ्या, पण वेगवेगळं वजन सांगून: 'क्वार्टर पाउंड लीन, क्वार्टर पाउंड मॉइस्ट'. नुसतं 'हाफ पाउंड ब्रिस्केट' म्हटलं तर कापणाऱ्याच्या हाताला जे लागेल ते मिळतं.

आणखी एक. सुरी अंदाजाने चालते, त्यामुळे पाव पौंड मागितलं की काट्यावर थोडं जास्तच भरतं. तीन-चार प्रकार घेतले की बिल बरंच वाढतं. त्यावर उपाय म्हणजे वजनाऐवजी स्लाइस सांगायचे: 'दोन स्लाइस लीन, एक स्लाइस मॉइस्ट'. पॉइंटचा एक जाड स्लाइस जवळपास पाव पौंडाचा होतो. हे सगळीकडे चालतं आणि कोणी नाक मुरडत नाही.

बीफ रिब मागवताना काळजी घ्या. ती हाडागणिक विकतात आणि एक हाड पौंड ते दीड पौंडाचं असतं. एकट्याने मागवायची वस्तू नाही, तीन-चार जणांत एक.

वाटाड्या

मीठमिरी यांनी छान लिहिलंय. स्लाइस समोर आल्यावर बरं-वाईट कसं ओळखायचं ते मी सांगतो.

लीनचा स्लाइस पेन्सिलीच्या जाडीचा असावा. तो मधोमध बोटावर टाका: दोन्ही बाजूंनी वाकून लोंबला पाहिजे, पण तुटता कामा नये. मग दोन टोकं धरून हलकं ओढा. थोडा ताण जाणवून सुटला तर बरोबर शिजलाय. ओढताना रबरासारखा ताणला गेला तर कमी शिजलाय, कोलॅजन विरघळलेलं नाही. उचलतानाच भुगा झाला तर जास्त शिजलाय. कापणाऱ्याची जाडीही काही सांगते: जास्त शिजलेला तुकडा जाड कापतात म्हणजे मोडत नाही, आणि कमी शिजलेला पातळ कापतात म्हणजे चावता येतो.

काप मांसाच्या धाग्यांना आडवा असला पाहिजे. फ्लॅट आणि पॉइंटचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात, म्हणून सराईत कापणारा फ्लॅट संपवून पॉइंटपाशी आला की तुकडा ९० अंशांत फिरवतो. रांगेत असताना त्याच्या हाताकडे बघत राहा. फिरवला नाही तर मॉइस्टचे धागे लांब आणि चिवट लागतील, मांस कितीही चांगलं शिजलेलं असो.

कडेला गुलाबी पट्टा दिसला की बरेच जण 'कच्चं आहे' म्हणून परत करतात. ते कच्चं नसतं. लाकूड जळताना निघणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला (लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो आणि तो रंग शिजल्यावरही टिकतो. यालाच स्मोक रिंग म्हणतात. पट्टा जितका जाड तितकी धुराची चव जास्त.

निखारा

@वाटाड्या, शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. स्मोक रिंग हा फक्त रंग आहे. नायट्राइटचं मीठ लावून तो धुराशिवायही आणता येतो, आणि भरपूर धुरातल्या मांसाला तो फिका येऊ शकतो, कारण मांसाचं तापमान भरभर चढलं की मायोग्लोबिनची क्रिया लवकर थांबते. चव बार्कमध्ये असते. पट्ट्यावरून दुकान जोखू नये.

धूर जोखायचा तर धुराड्याकडे बघा. धूर पातळ, निळसर, जवळजवळ दिसेनासा असेल तर आगीला हवा नीट मिळते आहे. दाट पांढरा धूर तासभर निघत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कोंडली आहे. अशा धुराचा कडवटपणा मांसावर बसतो, जीभ बधिरल्यासारखी होते आणि घशात खवखवतं. नवं लाकूड टाकल्यावर पाच-दहा मिनिटं पांढरा धूर येणं मात्र साहजिक आहे, तेवढ्यावरून निकाल लावू नका. दुकानामागे फोडलेल्या ओकची रास असते तीही बघावी: टोकांना भेगा पडलेली, सालपटं सुटलेली लाकडं म्हणजे वाळलेला माल.

वाटाड्या

मान्य. ते वाक्य मागे घेतो. कच्चं नसतं, एवढंच लक्षात ठेवावं.

अबोली_२

बीफ न खाणाऱ्यांनी काय करावं? ऑफिसचा गट जातो तेव्हा आपल्यातल्या निम्म्यांना हा प्रश्न असतो. आणि पूर्ण शाकाहारी असतील त्यांचं काय?

मीठमिरी

चांगला प्रश्न, यावर स्पष्टच लिहायला हवं.

बीफ नको असेल तर टर्की ही इथली खरी चांगली वस्तू आहे. छातीचा तुकडा आधी मिठाच्या पाण्यात मुरवतात, मिरी लावून धुरावर ठेवतात, मग बहुतेक ठिकाणी लोण्यासकट फॉइलमध्ये गुंडाळून ७१ ते ७४ अंशांपर्यंत शिजवतात. ती सकाळीच खावी. चरबी नसल्यामुळे गरम कपाटात फार वेळ राहिली की सुकते. पोर्क चालत असेल तर रिब. हाडावरून मांस आपोआप गळून पडणं हे कौतुकाचं लक्षण नव्हे, तो जास्त शिजल्याचा पुरावा आहे. चावल्यावर दाताचा ठसा उमटावा, तेवढंच मांस स्वच्छ सुटावं आणि बाकीचं हाडाला धरून राहावं.

सॉसेजबाबत गृहीत काही धरू नका. बऱ्याच ठिकाणी बीफ आणि पोर्क मिसळलेलं असतं, कुठे नुसतं बीफ, आणि आवरण बहुधा डुकराच्या आतड्याचं. हालापेन्यो-चीज असं नाव असलं तरी आतलं मांस विचारूनच घ्या.

आता लपलेलं बीफ. पिंटो बीन्समध्ये अनेकदा ब्रिस्केटचे तुकडे किंवा बेकन असतं. पोटॅटो सॅलडमध्येही कुठे कुठे बेकन. गव्हाचे टॉर्टिया (मेक्सिकन पोळ्या) काही ठिकाणी बीफच्या चरबीत करतात. कोलस्लॉ, लोणच्याची काकडी, कच्चा कांदा, पांढरा पाव आणि केळ्याचं पुडिंग बहुधा निर्धास्त. पुडिंगवर मार्शमेलो असेल तर जिलेटिन आलं. मॅक अँड चीज विचारून घ्यावं. पूर्ण शाकाहारी माणसाला इथे जेवण म्हणावं असं मिळणं कठीण आहे, त्याला आधी दुसरीकडे खाऊ घालून मग सोबत न्यावं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सुरी आणि लाकडी पाट एकच असतो. ब्रिस्केटची चरबी पाटावर सांडलेली असते आणि त्याच पाटावर तुमची टर्की कापली जाते. मागणी सांगायच्या आधीच, पहिल्या वाक्यात, सांगा की बीफ खात नाही, पाट आणि सुरी पुसून किंवा बदलून द्याल का. गर्दी कमी असेल तर नवा कागद अंथरून कापून देतात. ऐन गर्दीत जमेलच असं नाही. ज्यांना स्पर्शही चालत नाही त्यांनी या दुकानांत मांस घेऊ नये. पिटही एकच असतो.

गटाने गेलात तर बीफचा ट्रे वेगळा आणि टर्कीचा वेगळा मागा. दोन कागद, दोन ट्रे. एवढं सगळीकडे देतात.

अबोली_२

टॉर्टियाचं कधी लक्षातच आलं नसतं. आभार.

सांजवेळ

लॉकहार्टबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथली रीत शहरातल्या दुकानांपेक्षा वेगळी आहे आणि न कळल्यामुळे लोक गोंधळतात.

स्मिटीजमध्ये मागच्या दाराने शिरावं, गाड्या लावतात त्या बाजूने. आत आल्याबरोबर डाव्या-उजव्या भिंतींपेक्षा आधी पायांकडे लक्ष द्या: विटांच्या पिटच्या टोकाला ओकची लाकडं जमिनीवरच उघडी जळत असतात, रांग त्यांच्या अगदी शेजारून जाते आणि पोटऱ्यांना धग लागते. लहान मुलाचा हात सोडू नये. भिंती आणि छत धुराने काळेकुळकुळीत झालेले. पिटवरचं जड झाकण उचललं जातं, मांस निघतं, ठोकळ्यावर कापलं जातं आणि कागदावर टाकून तिथेच पैसे घेतात. हा झाला पहिला काउंटर, फक्त मांसाचा. बीन्स, लोणचं, पेयं यांसाठी आतल्या दालनात दुसरा काउंटर, तिथे पुन्हा पैसे. क्रॉइट्समध्येही मांस आणि साइड्स वेगळे.

ही दोन दुकानं एकाच घराण्यातून फुटली. क्रॉइट्सचं नाव भावाकडे आणि जुनी इमारत बहिणीकडे आली, आणि १९९९ मध्ये दोघं वेगळी झाली. भावाने थोड्याच अंतरावर नवं, मोठं दुकान बांधलं, आणि जुन्या पिटमधले धगधगते निखारे घमेल्यात घालून रस्त्यावरून ओढत नव्या पिटपर्यंत नेले. विस्तव विझू द्यायचा नाही ही भावना आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

क्रॉइट्सने अनेक दशकं सॉस आणि काटे दिलेच नाहीत. मांसाला सॉस लागत असेल तर मांस चुकलं, ही भूमिका. तिथे ब्रिस्केटपेक्षा सॉसेज, जाड पोर्क चॉप आणि शोल्डर क्लॉड मागवा. शोल्डर क्लॉड म्हणजे खांद्याचा कमी चरबीचा तुकडा, आता थोड्याच दुकानांत उरला आहे. एका दिवसात तिन्ही दुकानं करायची असतील तर प्रत्येक ठिकाणी एक सॉसेज आणि एकच मांस, माणशी पाव पौंडापेक्षा कमी. पहिल्याच दुकानात ट्रे भरला तर तिसऱ्या दुकानात चव कळत नाही.

खडूफळा

लॉकहार्टचं कौतुक वाचलं, पण आजच्या घडीला ब्रिस्केट ही एकच गोष्ट खायची असेल तर ऑस्टिन शहरातली नवी दुकानं सरस आहेत, असं माझं ठाम मत आहे. जुन्या दुकानांचे विटांचे पिट जास्त धगीचे. सॉसेज आणि चॉपला ते झकास. ब्रिस्केटला मंद आच आणि रात्रभराचा विसावा लागतो, तो नव्या मंडळींनी जास्त काटेकोर केला आहे. २०२४ मध्ये रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडने टेक्सासची पहिली यादी काढली तेव्हा ऑस्टिनच्या तीन बार्बेक्यू दुकानांना एकेक तारा मिळाला: इंटरस्टेलर, ला बार्बेक्यू आणि लिरॉय अँड लुइस. तिथे फ्रँकलिनइतकी रांग बहुधा नसते.

सांजवेळ

ब्रिस्केटपुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण बाहेरगावाहून आलेल्या माणसाला एकदाच संधी असेल तर मी त्याला स्मिटीजच्या आगीशेजारी उभं करीन. ती खोली दुसरीकडे बांधून मिळत नाही.

वाटाड्या

दोघांच्या मतांत एक तिसरी जागा घालतो: वायव्येला सुमारे १२० किलोमीटरवर लानो गावचं कूपर्स. तिथे पद्धत पूर्ण वेगळी. मेस्किट या काटेरी झाडाच्या लाकडाचे निखारे आधी वेगळ्या भट्टीत तयार करतात आणि ते थेट मांसाखाली पसरतात. दुकानाबाहेरच पिट उघडून दाखवतात, तुम्ही बोटाने तुकडा दाखवायचा, मग तो आत नेऊन वजन होतं. दोन इंच जाडीचा पोर्क चॉप ही तिथली ओळख. पातळ, आंबट सॉसमध्ये बुडवून देऊ का असं विचारतात. पहिल्यांदा अर्धं बुडवून, अर्धं कोरडं घ्या. बाहेर दाखवताना तुकड्याचा अंदाज चुकतो, कारण पिटवर सगळंच लहान दिसतं. 'यातलं अर्धं कापून द्या' म्हणायला संकोच करू नये.

बीफ रिबसाठी टेलरला जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की लुई म्युलरकडे मिरीचा हात सढळ आहे. बार्क जवळजवळ मिरीचंच. मिरी सोसत नसेल तर आतला भाग आधी खावा.

दूरदेशी

माल बिघडलेला निघाला तर काय करायचं, यावर कोणी लिहील का? एवढ्या लांबून जाऊन कोरडं ब्रिस्केट पदरी पडलं की फार हळहळ होते.

निखारा

बोलायचं ते वजन होण्याआधी. तुकडा कापला, काट्यावर ठेवला, कागदात गेला की उशीर झाला. समोर कापताना दिसतंच. लीनचा स्लाइस पडला आणि पाटावर ओल उमटली नाही, कापलेली बाजू चमकत नाही, तर नम्रपणे सांगा: 'थोडं पॉइंटच्या जवळचं द्याल का?' फ्लॅटचं बारीक टोक सर्वांत आधी सुकतं, मधला भाग पॉइंटची चरबी वर असल्यामुळे ओलसर राहतो. एवढ्या एका वाक्याने ट्रेमधला माल बदलतो. चव बघायला एक बारीक तुकडा मागितला तरी बरेच जण देतात.

इतर बिघाड आणि त्यांची कारणं: बार्क ओलं, मांस मऊ पण भांड्यात उकडल्यासारखं लागलं, तर फॉइलमध्ये फार वेळ गुंडाळून ठेवलं होतं, वाफेवर गेलं. चरबी पांढरी आणि रबरासारखी, तर आच कमी पडली किंवा वेळेआधी काढलं. सॉसेज चावल्यावर आवरण कट्टकन फुटून रस यायला हवा. आत भुरभुरीत कोरडं असेल तर जास्त आचेवर चरबी वितळून बाहेर गेली आहे. मांस नुसतं खारट लागलं तर तो बहुधा टोकाचा तुकडा असतो, मधला मागा.

सॉस, लोणचं आणि कच्चा कांदा ट्रेवर का असतात तेही सांगतो. चरबीचा थर जिभेवर बसला की पुढच्या घासाची चव कमी कळते. आंबट काकडी आणि कांदा तो थर धुऊन टाकतात. दर दोन-तीन घासांनी एक चकती खा. सॉस पहिल्या घासाला नको, बाजूला वाटीत घ्या.

खडूफळा

उरलेलं हॉटेलवर नेणं आणि घरी नेणं, हेही लिहून ठेवू. उरतंच.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एका तासात. तापलेल्या गाडीत ठेवून गावभर फिरू नका, बरोबर बर्फाची पेटी न्या. फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस टिकतं. न्यायचंच ठरवलं असेल तर वेगळा भाग न कापता मागा: 'एक पौंड मॉइस्ट, आख्खा तुकडा, कापू नका'. स्लाइस केलेलं मांस काही मिनिटांत काळवंडतं आणि गरम करताना सुकतं.

गरम करताना कागदासकट फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचं, आत ७४ अंश होईपर्यंत. पौंडभराच्या तुकड्याला साधारण पाऊण ते एक तास. गरम झाल्यावरच कापायचं.

अमेरिकेतल्या अमेरिकेत विमानाने नेता येतं. मांस घन पदार्थात मोडतं, हातातल्या बॅगेत चालतं. बर्फाचे जेल पॅक तपासणीच्या वेळी पूर्ण गोठलेले हवेत, अर्धवट वितळले असतील तर काढून घेतात. सॉसची बाटली १०० मिलीलीटरपेक्षा मोठी असेल तर चेक-इन सामानात. भारतात मात्र बीफ आणता येत नाही, आणि इतर मांसालाही परवाना लागतो. त्या फंदात कोणी पडू नये.

अबोली_२

हॉटेलच्या खोलीत ओव्हन नसतो, नुसता मायक्रोवेव्ह असतो. त्यात होईल का?

खडूफळा

होईल, पण पॉवर ३० टक्क्यांवर आणा. स्लाइस एकावर एक न रचता बशीत पसरा, वर एक चमचा पाणी किंवा कागदात साठलेली चरबी घाला आणि ओला पेपर टॉवेल झाका. ४० सेकंद चालवा, उलटा, पुन्हा ३०. मधे वाफ येतेय का ते हाताने बघा आणि मग लागेल तसं दहा-दहा सेकंद वाढवा. पूर्ण पॉवरवर एकदम दोन मिनिटं लावलं तर कडा वातड होतात आणि मधला भाग गारच राहतो. टर्कीला पाण्याऐवजी लोण्याचा छोटा तुकडा, मिळाला तर. सॉसेजला आधी काट्याने टोचू नका, रस बाहेर येतो. लांबीत अर्धं चिरून कापलेली बाजू खाली ठेवून गरम करा.